मथळ्यासाठी जाड सेरिफ : कागदावर भारदस्त, पडद्यावर चिखल. असं का?

वेलांटी | सोमवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी,

एका छोट्या त्रैमासिकाची मांडणी मी चार वर्षं करते आहे. मथळे आजवर सॅन्स सेरिफमध्येच, म्हणजे टोकांना पाय नसलेल्या अक्षरांत, लावत आले. स्वच्छ दिसतात, कुठे अडत नाही. पण येत्या अंकात नदीकाठच्या बोलींवर एक दीर्घ लेख आहे, मथळा आहे 'काठावरची भाषा'. लेख वाचला आणि वाटलं, याला वजनदार, टोकांना पाय फुटलेलं, म्हणजे सेरिफ अक्षर हवं. म्हणून रोझा वन हा टंक (फाँट) घेतला. देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत, उभे दांडे जाडजूड आणि जोडरेषा केसासारख्या.

कच्ची छपाई हातात आली तेव्हा अंगावर काटा आला, इतकं सुंदर दिसत होतं. मग तोच मथळा, तोच टंक संकेतस्थळावर लावला आणि सगळा चिखल. भ आणि ष यांची पोटं, म्हणजे आतली पांढरी जागा, बुजली, बारीक रेषा फुगल्या, अक्षर सुजल्यासारखं दिसायला लागलं.

दोन प्रश्न आहेत. एक, असं का होतं? दोन, मथळ्यासाठी जाड सेरिफ निवडताना नेमकं बघायचं काय? गंभीर लेखाला तो खरंच शोभतो, की मी सध्याच्या लाटेत वाहून गेले आहे? मोकळेपणाने सांगा.

कानामात्रा | सोमवार, सकाळी ९:२५

आवडता विषय. बैठक मारून वाचणार. वाचनखूण साठवली.

अर्धचंद्र | सोमवार, सकाळी १०:०३

पहिल्या प्रश्नाबद्दल माझा अंदाज असा की टंक ज्या आकारासाठी काढलाय त्याहून तो लहान वापरला जातोय.

धातूच्या खिळ्यांच्या काळात एकाच टंकाचा प्रत्येक आकार वेगळा कोरावा लागायचा. त्यामुळे कोरणारा कारागीर ८ पॉइंटाच्या अक्षराला जाडसर जोडरेषा आणि मोकळी पोटं द्यायचा, आणि ४८ पॉइंटाला त्याच रेषा केसाएवढ्या करायचा. पुढे एकच मूळ चित्र लहानमोठं करून सगळे आकार काढायची सोय झाली आणि ही काळजी बऱ्याच ठिकाणी सुटली. मथळ्याचा टंक लहान केला की त्याच्या केसरेषा नाहीशा होतात किंवा पडद्यावर करड्या, पुसट होतात. उलट मजकुराचा टंक मोठा केला की तो बोजड, अडाणी दिसतो.

आता ही काळजी परत आली आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲडोबी, ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून व्हेरिएबल फाँटची, म्हणजे एकाच फाइलीत वजन-रुंदी हवी तशी बदलता येणाऱ्या टंकाची, घोषणा केली, त्यात दृश्य-आकाराचा एक अक्षच ठेवलेला आहे. फ्रॉन्सेस नावाचा मुक्त टंक बघा. आकार वाढवत नेला की जाड-बारीकमधला फरक आपोआप वाढत जातो. त्यात टोकं मऊ करायचाही वेगळा अक्ष आहे.

मथळ्याचं 'डिस्प्ले' अक्षर आणि मजकुराचं 'टेक्स्ट' अक्षर ही सख्खी भावंडं असली तरी कामं निराळी. नावात 'डिस्प्ले' असलेला टंक परिच्छेदाला लावू नये, एवढं पाळलं तरी निम्मे अपघात टळतात.

सरळरेषा | सोमवार, सकाळी १०:४१

मला दुसऱ्या प्रश्नावर बोलायचं आहे, आणि माझं मत विरोधी आहे.

गेल्या काही वर्षांत गुबगुबीत, गोल टोकांच्या सेरिफची लाट आली. १९७० च्या दशकातली अक्षरं नव्या रूपात सगळीकडे दिसतात. ज्या ठिकाणी चारपाच वर्षांपूर्वी भौमितिक सॅन्स असायचा तिथे आता सरसकट जाड सेरिफ. दोन्ही वेळा कारण एकच, शेजाऱ्याने लावलं म्हणून. तुमचा लेख उत्तम असेल तर त्याला साधा सॅन्स पुरेल. मथळ्याने स्वतःकडे लक्ष वेधून घेऊ नये, लेखाकडे न्यावं.

पहिलंपान | सोमवार, सकाळी ११:१५

@सरळरेषा, शेवटच्या वाक्याशी सहमत, पण त्यातून सॅन्सच निघतो असं नाही.

वृत्तपत्राच्या मांडणीत बरीच वर्षं काढली आहेत. तिथे जाड सेरिफ फॅशन म्हणून आलेला नाही, तो कामाचा गडी आहे. मथळ्याला जागा ठरलेली असते, स्तंभ अरुंद असतो, आणि कुठली बातमी मोठी हे वाचकाला लांबून कळावं लागतं. अशा वेळी थोडा आवळलेला, ठळक सेरिफ कमी रुंदीत जास्त अक्षरं बसवतो आणि तरी प्रत्येक अक्षराची ओळख शाबूत ठेवतो. सॅन्स आवळला की उभ्या दांड्यांचं कुंपण होतं. सेरिफचे पाय अक्षराअक्षरांत फट राखतात.

द न्यू यॉर्क टाइम्सने २००३ मध्ये मथळ्यांसाठी वापरात असलेली अनेक टंकांची सरमिसळ काढून टाकली आणि बहुतेक सगळं चेल्टनहॅम या एका कुटुंबावर आणलं. त्यासाठी मॅथ्यू कार्टर यांनी त्याची वेगवेगळ्या वजनांची आणि रुंदीची रूपं नव्याने काढली. चेल्टनहॅम मुळात बर्ट्रम गुडह्यू या वास्तुरचनाकाराचा टंक, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. एवढा जुना टंक रोजच्या पहिल्या पानावर उभा राहतो, त्याला लाट कसं म्हणणार?

जुळारी | सोमवार, दुपारी १२:३०

या धाग्यावर येणं भागच होतं.

माझं तरुणपण खिळे जुळवण्यात गेलं. मजकुराचे खिळे शिशाच्या मिश्रधातूचे आणि मोठ्या मथळ्यांचे लाकडी. लाकडी का, तर धातूचा मोठा खिळा उचलायला जड, ओतताना सगळीकडून सारखा थंड होत नाही, मग चेहरा मध्ये बसतो आणि ठसा पोकळ उमटतो. १८२७ मध्ये न्यू यॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी लाकूड कोरायला फिरत्या पात्याचं यंत्र वापरलं आणि पुढच्याच वर्षी लाकडी खिळ्यांचा नमुनासंग्रह काढला. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थ यांनी त्याला पँटोग्राफ, म्हणजे नमुना गिरवून लहानमोठा करणारं साधन, जोडला. एका नमुन्यावरून हवा तो आकार, हवी ती रुंदी. भिंतीवरच्या जाहिरातींची ती अवाढव्य अक्षरं इथून आली.

आता जाड सेरिफबद्दल. जाड करायचं म्हणजे काळं कुठे वाढवायचं, हाच पहिला प्रश्न. एक वाट अशी की उभे दांडे फुगवायचे आणि आडव्या रेषा केसासारख्याच ठेवायच्या. इंग्रजीत त्याला फॅट फेस म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये ही अक्षरं निघाली आणि श्रेय बहुधा रॉबर्ट थॉर्न यांना देतात. दांडा इतका जाड की अक्षराच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, आणि पोटातला पांढरा भाग म्हणजे नुसती चीर. दुसरी वाट म्हणजे पायसुद्धा जाड करायचे, ठोकळ्यासारखे. विन्सेंट फिगिन्स यांनी ते १८१५ च्या सुमारास आणलं, नाव दिलं अँटिक. आपण स्लॅब म्हणतो ते हेच.

छापखान्यात दोन्ही हाताळले आहेत. केसरेषांचे खिळे फार नाजूक. कोपरा उडाला की अक्षर गेलंच. शिवाय शाई थोडी जास्त झाली की ती चीर बुजायची, कमी झाली की केसरेषा तुटायची. जाड पायाचे खिळे मात्र कितीही हाताळा, कसाही कागद द्या, ठसा द्यायचे. म्हणून वेलांटीताई, निवडताना आधी कागद आणि शाई बघा, मग सौंदर्य.

कानामात्रा | सोमवार, दुपारी १२:४४

जुळारीकाका, तुमच्या प्रतिसादाचा वेगळा लेख व्हायला हवा. लाकडी खिळ्यांवर लिहाच.

मतांतर | सोमवार, दुपारी १:२०

जुळारीकाकांच्या मुद्द्याला एक जोड. पुष्कळ लोक कुठल्याही काळ्याकुट्ट, केसरेषांच्या अक्षराला बोडोनी म्हणतात. जाम्बातिस्ता बोडोनी हे मुद्रक इटलीतल्या पार्मामध्ये काम करायचे आणि १८१३ मध्ये वारले. त्यांचा मोठा नमुनाग्रंथ १८१८ मध्ये त्यांच्या पत्नीने पूर्ण करून प्रकाशित केला. त्यातली अक्षरं काँट्रास्टची, म्हणजे जाड-बारीकमधल्या मोठ्या फरकाची आहेत, पण भरपूर पांढऱ्या जागेत श्वास घेणारी. ज्याला आपण जाडा बोडोनी म्हणून ओळखतो तो विसाव्या शतकातला. अल्ट्रा बोडोनी मॉरिस फुलर बेंटन यांनी १९२८ मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी काढला आणि पोस्टर बोडोनी चॉन्सी ग्रिफिथ यांनी १९२९ मध्ये लायनोटाइपसाठी. नाव बोडोनीचं असलं तरी अंगकाठी लंडनच्या फॅट फेसची आहे.

हा फरक मी धरून बसतो याला कारण आहे. बोडोनीची शान पांढऱ्या जागेवर उभी आहे आणि फॅट फेसचा जोर काळ्या जागेवर. 'बोडोनीसारखं काहीतरी' मागणाऱ्याला यातलं नेमकं काय हवंय हे विचारून घ्यावं लागतं.

इकारांत | सोमवार, दुपारी १:३२

म्हणजे बोडोनी सडपातळच होते, वजन नंतर लोकांनी चढवलं. :)

पोटफोड्या_ष | सोमवार, दुपारी २:०५

माझं नावच निघालं म्हणून हजर.

वेलांटी, तू भ आणि ष ची पोटं बुजली म्हणतेस. जाड टंकाची परीक्षा अशाच अक्षरांत होते. रोमनमध्ये लहान लिपीतले ए, ई, एस घे. तिन्हींत एकावर एक तीन आडव्या रेषा आणि त्यांच्यामध्ये दोन पोकळ्या, आणि हे सगळं एक्स-उंचीत, म्हणजे लहान लिपीतल्या एक्सच्या उंचीत बसवायचं. रेषा सारख्या जाड केल्या तर पोकळ्या उरतच नाहीत. म्हणून अक्षरकार आडवं बारीक करतो, उभं जाड ठेवतो, एक्स-उंची थोडी वाढवतो आणि अक्षर रुंदावतो. ठळक रूप म्हणजे नेहमीच्या रूपाला बाहेरून रंगाचा एक हात नव्हे, ते पुन्हा पहिल्यापासून काढावं लागतं.

देवनागरीत गर्दी आणखी. वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे मजले. ष च्या पोटातून तिरकी रेषा जाते, म्हणजे आधीच लहान असलेल्या पोटाचे दोन तुकडे होतात. टंक निवडायचा असेल तेव्हा मी क ख ग लिहून बघत नाही. 'ष्ट्र', 'द्ध', 'क्ष्म', 'र्थ्यां' लिहून बघते. यांत पांढरं शिल्लक राहत असेल तर बाकी सगळं राहतं.

बोरू | सोमवार, दुपारी ४:४८

पोटफोड्या_ष यांच्याशी पूर्ण सहमत. सुलेखन शिकवतो, त्यामुळे मी जरा मागे जाऊन हाताकडे बघतो.

रोमन अक्षरांतलं जाड-बारीक हे रुंद टोकाच्या लेखणीतून आलं. त्या लेखणीच्या कोनामुळे वरच्या डाव्या बाजूकडून खालच्या उजवीकडे येणारी तिरकी रेषा जाड पडते. देवनागरीचा बोरू उलट्या तिरप्याने कापतात. त्यामुळे वरच्या उजवीकडून खालच्या डावीकडे येणारी रेषा जाड पडते आणि तिच्या उलटी बारीक. शिरोरेषाही चांगली भरदार येते.

फॅट फेसमध्ये तिसराच हिशोब आहे. तिथे ताण सरळ उभा, उभं सगळं जाड, आडवं सगळं बारीक. तो टोकदार, दाबाने फाकणाऱ्या निबचा हिशोब आहे. देवनागरीला तो लावायचा म्हणजे बोरूची सवय मोडायची. मी याच्या विरोधात नाही, रोझा वन मला मनापासून आवडतो. पण तिथे शिरोरेषेचं वजन किती ठेवायचं, वळणाचा जाडपणा कुठे सुरू करायचा, हे निर्णय नव्याने घ्यावे लागतात हे लक्षात ठेवून त्याकडे बघा, म्हणजे त्यामागची मेहनत दिसेल.

बोरूचं वळण राखून जाड झालेलं अक्षर हवं असेल तर एकझार बघा. रोझेटाने प्रकाशित केलेला, वैभव सिंग यांनी काढलेला, देवनागरी आणि रोमन दोन्ही. त्याची गंमत अशी की नेहमीच्या वजनात तो शांत, वाचनीय आहे, आणि वजन वाढवत नेलं की त्याची टोकं, काप, कोपरे बोलायला लागतात. सगळ्यात जाड रूप तर खास मथळ्याचंच आहे. त्याचं काळं सगळीकडे वाटलेलं आहे, त्यामुळे तो पडद्यावरही टिकतो.

सरळरेषा | सोमवार, सायंकाळी ६:१०

@पहिलंपान, वृत्तपत्राचा मुद्दा मान्य. तिथे जागेची निकड आहे, आणि निकडीतून आलेलं रूप मला नेहमीच पटतं. माझा राग गुबगुबीत लाटेवर आहे. कूपर ब्लॅकची पोरंबाळं.

मतांतर | सोमवार, सायंकाळी ६:३७

कूपर ब्लॅकवर राग धरू नका हो! ऑझवल्ड कूपर यांचं ते काम १९२२ मध्ये शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या ओतणीने, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, बाजारात आणलं. त्याच्यात एकही सरळ कडा नाही. पाय गोल, कोपरे गोल, तळसुद्धा किंचित फुगलेला. इतकं काळं अक्षर असून अंगावर येत नाही, ही सोपी गोष्ट नाही. मऊपणामुळे वाईट छपाईतही टिकतं, कारण बुजायला तीक्ष्ण कोपराच नाही. इझीजेटच्या विमानांवर तेच आहे आणि लांबून नीट वाचता येतं.

गंभीर लेखाला ते नको, हे खरं. त्याचा सूर हसरा आहे.

वेलांटी | सोमवार, रात्री ८:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. दिवसभर कामातून वेळ काढून वाचत होते.

@अर्धचंद्र, तुमचा मुद्दा पटला, पण माझ्या बाबतीत तो लागू पडेल असं वाटत नाही. संकेतस्थळावर मथळा ६४ पिक्सेलचा आहे, म्हणजे लहान नाही. आणि बारीक रेषा पुसट झालेल्या नाहीत, त्या उलट जाड झाल्या आहेत. हेच मला कळत नाही. कागदावर जी रेषा केसासारखी होती ती पडद्यावर दोऱ्यासारखी आहे.

@जुळारीकाका, मुखपृष्ठ आर्ट पेपरवर आहे, त्यामुळे तिथे केसरेषा टिकली. आतली पानं साध्या कागदावर आहेत. तिथे काय करू?

जुळारी | सोमवार, रात्री ९:२०

साधा कागद शाई पितो, रेषा पसरते. काळी अक्षरं पांढऱ्यावर असतील तर मोठ्या आकारात चालून जाईल. पण काळ्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं काढायचा मोह आतल्या पानांवर टाळा. तिथे शाई चहूबाजूंनी आत सरकते आणि सगळ्यात आधी केसरेषेचा बळी जातो. करायचंच असेल तर कमी काँट्रास्टचा टंक घ्या.

अर्धविराम | सोमवार, रात्री १०:०२

वेलांटी, संकेतस्थळावर मथळा कुठल्या टॅगमध्ये आहे? एच-वन, म्हणजे मुख्य मथळ्याच्या टॅगमध्ये का? आणि त्याला फाँट-वेट, म्हणजे अक्षराचं वजन, काही दिलं आहे का?

वेलांटी | सोमवार, रात्री १०:११

एच-वनच आहे. वेट काही दिलेलं नाही. टंकाचं नाव आणि आकार, एवढंच.

अर्धविराम | सोमवार, रात्री १०:२९

मग सापडलं.

ब्राउझरच्या स्वतःच्या मूळ शैलीत एच-वन हा ठळक असतो, म्हणजे वजन ७००. तू काही सांगितलं नाहीस तर तो ७०० च मागतो. रोझा वनमध्ये वजन एकच, आणि त्याची नोंद ४०० अशी आहे. डोळ्यांना तो कितीही काळा दिसला तरी संगणकाच्या लेखी तो 'नेहमीचा'. ब्राउझर ठळक रूप शोधतो, त्याला ते मिळत नाही, मग तो असलेल्या अक्षराची कड चहूबाजूंनी थोडी फुगवून खोटं ठळक तयार करतो. जाड टंकाला पुन्हा जाड केलं जातं.

तुझं निरीक्षण इथे अचूक बसतं. ही फुगवणी सगळ्या रेषांना सारख्याच मापाने होते. दांडा मुळात तीस एकक जाड असेल आणि त्यात दोन एककं वाढली तर डोळ्याला जाणवतसुद्धा नाही. केसरेषा एक एकक असेल आणि तिच्यात दोन वाढली तर ती तिप्पट झाली. जाड-बारीकमधला फरक, म्हणजे या टंकाचा सगळा प्राण, तिथेच जातो. पोटं आतून तेवढीच आक्रसतात, म्हणून भ आणि ष बुजले.

उपाय एका ओळीचा आहे. मथळ्याला फाँट-वेट ४०० दे. शिवाय फाँट-सिंथेसिस: नन असं लिहून ठेव, म्हणजे पुढे कुठेही ब्राउझर स्वतःच्या मनाने अक्षर फुगवणार नाही.

एब्रिल फॅटफेस, डीएम सेरिफ डिस्प्ले अशा एकाच वजनाच्या सगळ्या मथळा-टंकांना हे होतं. वर्ड प्रोसेसरमध्ये 'ठळक'चं बटण दाबलं तरी तेच. छपाईच्या मांडणीत तुला दिसलं नाही, कारण इनडिझाइन टंकात नसलेलं वजन असं बनवून देत नाही.

वेलांटी | सोमवार, रात्री १०:४६

झालं!! एक ओळ, आणि ष चं पोट उघडलं. केसरेषा परत केसासारख्या झाल्या. अर्धविराम, तुमचे आभार कसे मानू? आठवडाभर मी टंकालाच दोष देत होते.

अर्धचंद्र | सोमवार, रात्री १०:५८

सुंदर निदान. माझा अंदाज चुकला आणि त्यातून नवीन शिकायला मिळालं. मोबाइलवर मात्र माझा मुद्दा तपासून बघ. तिथे मथळा ३० पिक्सेलवर आला की केसरेषा खरंच पुसट होईल.

सरळरेषा | मंगळवार, सकाळी ८:१५

आधी आणि नंतरची दोन्ही चित्रं पाहिली. मान्य करतो, 'काठावरची भाषा' त्या अक्षरात देखणं दिसतं आहे. सॅन्समध्ये तो ठहराव आला नसता.

इकारांत | मंगळवार, सकाळी ८:२२

सरळरेषेला वळण लागलं! :)

रेफ | मंगळवार, सकाळी ९:४०

थोडं अवांतर. आधी-नंतरच्या चित्रांत अक्षरांतलं अंतर मला सैल वाटलं. आकार मोठा झाला की अंतर कमी करावं लागतं ना? लहान अक्षराला हवा लागते, मोठ्याला आवळावं लागतं, असं शिकलो होतो.

मतांतर | मंगळवार, सकाळी १०:१५

रोमनसाठी अगदी बरोबर. धातूचा खिळा शेजारच्या खिळ्यात घुसू शकत नव्हता, त्यामुळे अंतराला एक मर्यादा होती. प्रकाशाक्षरजुळणी, म्हणजे खिळ्यांऐवजी फोटोच्या तंत्राने अक्षरं जुळवणं, आल्यावर ती मर्यादाच गेली. अमेरिकन अक्षरकार हर्ब लुबालिन आणि १९७० मध्ये सुरू झालेल्या आयटीसी या टंक-कंपनीच्या काळातले मथळे बघा, जाड सेरिफ एकमेकांना जवळजवळ चिकटलेले, पाय पायात गुंतलेले. उत्तम जमलं तर सगळा शब्द एक चित्र होतो. जमलं नाही तर नुसता गठ्ठा.

फॅट फेसला विशेष जपून. त्यांची पोटं म्हणजे चिरा असतात, त्यामुळे अक्षरांमधलं अंतरही तेवढंच कमी लागतं. अंतर मोठं ठेवलं की शब्द दांड्यादांड्यांत सुटा होतो.

पोटफोड्या_ष | मंगळवार, सकाळी १०:५०

देवनागरीला मात्र हा नियम लावू नका. लेटर-स्पेसिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे होतात. कमी केलं की अक्षरं एकमेकांवर चढतात आणि काना शेजारच्याच्या पोटात जातो. रेफ, सैल वाटतंय ते रोमन नाव असेल. दोघांना वेगळी शैली द्यायला हवी, रोमनला किंचित उणे आणि देवनागरीला शून्य.

रेफ | मंगळवार, सकाळी ११:०२

हो, खालचं रोमन नावच सैल होतं. धन्यवाद.

वेलांटी | मंगळवार, दुपारी ३:३०

दोन्ही वेगळं केलं. मोबाइलवरही तपासलं. अर्धचंद्र, तुमचं खरं निघालं, ३० पिक्सेलवर 'ठा' मधली बारीक रेषा दिसेनाशी होते. आता माझा दुसरा प्रश्न परत विचारते, कारण तो मागे पडला. लहान पडद्यावर आणि आतल्या साध्या कागदावर वेगळा टंक घेतला तर लेखाचा सूर बदलेल का?

बोरू | मंगळवार, सायंकाळी ५:०५

बदलेल, पण बिघडणार नाही. फॅट फेसचा सूर नाट्याचा आहे, पडदा वर जाताना असतो तसा. मुखपृष्ठावर, मोठ्या आकारात, एकदाच. आतल्या उपमथळ्यांत तेच नाट्य पानापानावर आलं तर वाचक थकतो. तिथे शांत पण ठाम अक्षर हवं. एकझारचं ठळक रूप लावून बघा. तुमचा लेख लोकांच्या तोंडच्या भाषेवर आहे, त्यात हाताचं वळण दिसणारं अक्षर शोभून दिसेल.

जुळारी | मंगळवार, सायंकाळी ५:४०

बोरू म्हणतात ते योग्य. यात एक जुनी गोष्ट आठवते. मजकुरातच एखादा शब्द ठळक उठावा म्हणून सोबतीला जाड खिळे, ही पद्धत पूर्वी नव्हती. जोर द्यायचा तर तिरपी अक्षरं किंवा मोठी लिपी, नाहीतर दुसऱ्याच टंकाचे काळे खिळे. १८४५ मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट ओतणीत रॉबर्ट बेस्ली यांनी क्लॅरेंडन आणला. तो मजकुराच्या टंकाशेजारी बसून फक्त ठळकपणाचं काम करायचा. शब्दकोशांना तो फार उपयोगी पडला. त्याची नोंदणी करून ठेवली होती, तीन वर्षांची मुदत संपताच बाकीच्या ओतण्यांनी त्याच्या नकला काढल्या.

मला त्यात आवडतं ते हे की तेव्हाच दोन कामं वेगळी झाली. भिंतीवरून हाक मारणारं जाड अक्षर निराळं आणि ओळीत बसून बोट दाखवणारं जाड अक्षर निराळं. वेलांटीताई, तुम्हाला या अंकात दोन्ही लागणार आहेत. मुखपृष्ठाला हाक मारणारं, आत बोट दाखवणारं.

पहिलंपान | मंगळवार, सायंकाळी ६:१२

+१. आणि दोघांमध्ये एक नातं राखा. दांड्याची जाडी एकमेकांजवळ आली की वाचकाला दोन टंक आहेत हे जाणवतही नाही. आकार थोडा मागेपुढे करून मी हे डोळ्यांनीच जुळवतो. पान उलटं धरून बघा, शब्द वाचता येत नाहीत आणि काळेपणा तेवढा दिसतो.

वेलांटी | बुधवार, रात्री ९:३०

काल रात्री आणि आज दिवसभर बसून केलं.

मुखपृष्ठावर आणि संकेतस्थळाच्या मोठ्या पडद्यावर रोझा वन. मोबाइलवर आणि आतल्या पानांवर एकझार, सगळ्यात जाड वजनाच्या एक पायरी खाली. पान उलटं धरून काळेपणा जुळवला, त्यासाठी एकझार दोन पॉइंट मोठा करावा लागला. काळ्या पट्ट्यावरची पांढरी अक्षरं काढून टाकली. लेखिकेला दाखवलं तेव्हा ती बराच वेळ मुखपृष्ठाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, ठ चा गोल नदीच्या भोवऱ्यासारखा दिसतो.

एकच अडलं आहे. एका उपमथळ्यात 'शेवटचा नावाडी' आहे आणि संकेतस्थळावर एका ठिकाणी श हिंदी वळणाचा येतो आहे. मजकुराला वेगळा टंक आहे, तिथला.

अर्धविराम | बुधवार, रात्री ९:४४

पानाला भाषा मराठी असल्याचं सांगितलं आहेस का? बऱ्याच साच्यांत तिथे इंग्रजी किंवा हिंदी राहून गेलेलं असतं. टंकात मराठी श आणि ल यांची सोय असेल तर भाषा मराठी दिल्यावर ते आपोआप येतात. टंकातच नसेल तर मजकुरासाठी तिरो देवनागरी मराठी बघ, तो याच कामासाठी आहे.

वेलांटी | बुधवार, रात्री ९:५८

हिंदी राहिलं होतं. बदललं, आणि श आपला आला. उद्या सकाळी पानं छपाईला जातात.

जुळारी | बुधवार, रात्री १०:०५

पहिला फर्मा, म्हणजे छापलेला पहिला ताव, निघाला की केसरेषा भिंगातून बघा. तिथे तुटली असेल तर छापखान्यातच शाई थोडी वाढवून मिळते, नंतर काही करता येत नाही.